निर्यातीचा आकडा आणि देशाची प्रगती

प्रश्न असा आहे: आंतरराष्ट्रीय व्यापारामुळे देशाचा विकास खरोखर होतो का? होत असेल, तर निर्यात वाढवायची आणि आयात कमी करायची, एवढे केले की पुरते का? आणि मोठे देश पुन्हा आयातशुल्क वाढवत असताना गरीब देशांना हा रस्ता मोकळा उरला आहे का?

माझी बहुतेक नोकरी बँकेच्या विदेश व्यापार विभागात झाली. एलसी (कागदपत्रे बरोबर असतील तर विक्रेत्याला पैसे देण्याची खरेदीदाराच्या बँकेची हमी) उघडणे, निर्यातदारांची कागदपत्रे तपासणे, पॅकिंग क्रेडिटचे, म्हणजे माल पाठवण्याआधी मिळणाऱ्या कर्जाचे अर्ज पाहणे हे रोजचे काम. तिथे जे दिसले आणि पुढे वेगवेगळ्या देशांचा इतिहास वाचताना जे पटत गेले, त्यावरून माझे मत पक्के झाले आहे. व्यापारामुळे देश पुढे जातात, पण निर्यातीच्या नुसत्या आकड्यामुळे नाही. त्या व्यवहारातून देशात काय येते आणि लोकांच्या हाती काय उरते, त्यावर सगळे ठरते. येतात ती यंत्रे, कच्चा माल, औषधे, तंत्र. उरते ते कसब. निर्यात म्हणजे हे सगळे मिळवण्यासाठी मोजलेली किंमत आहे, हे लक्षात ठेवले की धोरणातल्या बऱ्याच गोष्टी आपोआप सुटसुटीत दिसू लागतात.

आधी आयातीविषयी बोलतो, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. राष्ट्रीय उत्पन्नाचे सूत्र शाळा-कॉलेजात सगळ्यांनी पाठ केलेले असते: उपभोग, गुंतवणूक आणि सरकारी खर्च यांची बेरीज करा, निर्यात मिळवा, आयात वजा करा. ते वजाचे चिन्ह पाहून पुष्कळांना वाटते की जेवढी आयात, तेवढे उत्पन्न बुडाले. तसे नाही. बाहेरून आलेला माल उपभोगाच्या किंवा गुंतवणुकीच्या आकड्यात आधीच धरलेला असतो. तो देशात तयार झालेला नाही म्हणून शेवटी हिशेबातून काढतात, इतकेच. आयात बंद केली की उत्पन्न तेवढ्याने वाढेल, असा अर्थ त्या सूत्रात कुठेही नाही.

हा गैरसमज महागात कसा पडतो, त्याचे अलीकडचे उदाहरण श्रीलंकेचे आहे. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. सेंद्रिय शेतीचे कारण दिले गेले, पण परकीय चलनाची टंचाईही त्यामागे होतीच. भाताचे पीक घसरले आणि तांदूळ बाहेरून आणावा लागला. देशाला डॉलर मिळवून देणाऱ्या चहाचे उत्पादनही घटले. नोव्हेंबरपर्यंत बंदी मागे घ्यावी लागली. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली, त्याला करकपात, बुडालेले पर्यटन आणि आधीची कर्जे अशी इतर कारणेही होती. पण डॉलर वाचवायला खत थांबवले आणि त्यामुळे डॉलर आणणारे पीकच आडवे झाले, हा धडा त्यातून वेगळा काढून लक्षात ठेवण्याजोगा आहे. बहुतेक देशांच्या निर्यातीच्या पोटात आयात दडलेली असते.

व्यापारतुटीचेही तसेच. दक्षिण कोरियाने १९६० आणि १९७० च्या दशकांत, म्हणजे नेमक्या ज्या काळाला सारे जग चमत्कार म्हणते त्या काळात, जवळजवळ सतत तूट सोसली. देशाच्या चालू खात्यावर, म्हणजे परदेशाशी होणाऱ्या रोजच्या देवघेवीच्या हिशेबात, भरीव शिल्लक पडू लागली ती १९८६ पासून. तोवर कर्ज काढून पोलाद कारखान्याची, जहाजबांधणीची, खतनिर्मितीची यंत्रे आणली जात होती. त्यामुळे एखाद्या देशाची तूट किती, हे कोणी मला सांगितले तर मी आधी विचारतो की उसन्या पैशाने आणले काय? यंत्र आणले असेल तर ते आपली परतफेड स्वतः कमावते. चैनीचा माल आणला असेल तर फक्त कर्ज उरते.

आता व्यापाराचा फायदा मुळात होतो कसा, ते पाहू. १८१७ साली इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांनी इंग्लंड आणि पोर्तुगालचे जे उदाहरण दिले, ते आजही शिकवले जाते. ठरावीक कापड तयार करायला इंग्लंडमध्ये १०० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात, वाइनला १२० माणसांचे. पोर्तुगालला कापडासाठी ९० पुरतात, वाइनसाठी ८०. दोन्ही गोष्टींत पोर्तुगाल सरस आहे. तरीही त्याने वाइन द्यावी आणि कापड घ्यावे, कारण ८० माणसांच्या श्रमांत त्याला ते कापड मिळते, ज्यासाठी घरी ९० लागले असते. इंग्लंडचेही १२० ऐवजी १०० मध्ये भागते. म्हणजे सगळ्याच बाबतींत मागे असलेल्या देशालाही व्यापारात जागा असते. ही गोष्ट मला अजूनही अर्थशास्त्रातली सर्वांत दिलासा देणारी वाटते.

पण या हिशेबाची मर्यादाही तिथेच आहे. तो आजचे आकडे धरून चालतो आणि विकास म्हणजे तर हे आकडेच बदलणे. कापडाच्या धंद्यातून यंत्रे आली, यंत्रांतून लोखंडकाम आणि अभियांत्रिकी वाढली. वाइनच्या धंद्यातून तसा फाटा फुटला नाही. पोर्तुगालने १७०३ च्या मेथ्युएन तहाने इंग्लिश लोकरी कापडाला दार उघडले आणि बदल्यात आपल्या वाइनला शुल्कात सवलत मिळवली. त्या दिवसाचा सौदा दोघांनाही सोयीचा होता. पुढच्या दीडशे वर्षांत कोण कुठे पोचले, ते आपल्याला ठाऊक आहे. त्याची कारणे एका तहापुरती नव्हती, हे खरे. तरी देश काय विकतो याला महत्त्व आहे, कारण विकता विकता तो जे शिकतो ते मालागणिक वेगळे असते.

कोरियाकडे परत येतो, कारण माझ्या कामाच्या दृष्टीने तिथली यंत्रणा फार बारकाईने पाहण्यासारखी आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्या देशाचे दरडोई उत्पन्न घानाच्या आसपास होते. १९६४ मध्ये निर्यात १० कोटी डॉलरवर पोचली, तेव्हा तो दिवस राष्ट्रीय निर्यातदिन म्हणून साजरा होऊ लागला. १९७७ मध्ये तीच निर्यात १,००० कोटी डॉलर झाली. सुरुवातीचा माल साधा होता: प्लायवूड, कापड, केसांचे टोप. अध्यक्ष पार्क चुंग-ही दर महिन्याला निर्यातीची आढावा बैठक स्वतः घेत. पण बैठकांनी माल तयार होत नाही. खरी करामत कर्जाच्या नियमांत होती. परदेशी ग्राहकाची एलसी हातात असलेल्या कारखानदाराला बँकेकडून स्वस्त खेळते भांडवल जवळजवळ आपोआप मिळे. जमीन किती, ओळख कोणाची, हा प्रश्न गौण. निर्यातीसाठी लागणारा कच्चा माल शुल्काविना आणता येई. शिवाय त्या निर्यातदाराला सूत किंवा बटणे पुरवणाऱ्या देशी कारखान्याच्या नावे देशांतर्गत एलसी निघे, आणि त्यालाही त्याच सवलती मिळत. म्हणजे निर्यातीचा लाभ बंदराजवळच्या चार बड्या कंपन्यांत न अडकता मागच्या साखळीत उतरला.

या व्यवस्थेत आणखी एक गोष्ट होती. सवलत टिके ती प्रत्यक्ष माल जहाजावर चढला तरच. परदेशी ग्राहकाला मंत्र्याची ओळख दाखवून चालत नाही. शिवण वाकडी असेल तर तो माल नाकारतो. त्यामुळे कोणाला मदत द्यायची याचा निवाडा सरकारी बाबूच्या हातून निघून बाहेरच्या बाजाराकडे गेला. मोटारींचेच बघा. देशातली बाजारपेठ आयातीपासून बंद ठेवली होती, पण कंपन्यांवर बाहेर विकण्याचा दबाव होता. ह्युंदाईची पोनी १९७६ मध्ये इक्वेडोरला गेली. त्या पहिल्या गाड्या नावाजण्यासारख्या नव्हत्या, मात्र तक्रारी ऐकून घेण्याची आणि सुधारण्याची सवय तिथून लागली. पुष्कळ देशांनी आपल्या उद्योगांना संरक्षण दिले, पण ही अट घातली नाही. मग संरक्षण कायमचे झाले, आणि घरचा ग्राहक दुय्यम मालासाठी जास्त पैसे मोजत राहिला. नव्या उद्योगाला काही वर्षे आडोसा देण्याला माझा विरोध नाही. पण तो कधी काढणार आणि कशावरून काढणार, हे पहिल्याच दिवशी लिहिलेले हवे.

यंत्रे नाहीत, डॉलर नाहीत, कापूसही पुरेसा नाही, अशा देशाने काय करायचे? याचे उत्तर बांगलादेशाने दिले आणि ते पुन्हा एलसीपाशीच येऊन थांबते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या देश गार्मेंट्स या कंपनीने कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि सुमारे १३० माणसे शिकायला कोरियात पाठवली. परतल्यावर काही वर्षांत त्यांतल्या बहुतेकांनी ती नोकरी सोडून स्वतःचे कारखाने काढले किंवा दुसऱ्यांचे उभे करून दिले. मालकाचे नुकसान झाले असेल, देशाचे मात्र भले झाले. कसब माणसांबरोबर चालत जाते आणि एका भिंतीआड राहत नाही.

भांडवलाचा प्रश्न बॅक-टू-बॅक एलसीने सोडवला. हे नीट समजून घेण्यासारखे आहे. परदेशी खरेदीदाराने शर्टांसाठी एलसी उघडली. ती तारण धरून बांगलादेशातली बँक कापड पुरवणाऱ्या दुसऱ्या देशातल्या गिरणीच्या नावे दुसरी एलसी उघडते, आणि तिचे पैसे काही महिन्यांनी द्यायचे असतात. कापड येते, शर्ट शिवून जातात, खरेदीदाराचे डॉलर येतात, त्यांतून गिरणीचे बिल भागते आणि उरलेले कारखान्याकडे राहतात. देशाच्या गंगाजळीतून आधी एक डॉलरही काढावा लागत नाही. जोडीला बाँडेड गोदाम: निर्यातीसाठीचे कापड तिथे शुल्क न भरता ठेवता येते, त्यामुळे आधी शुल्क भरा आणि मग परताव्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवा, हा प्रकार उरत नाही. या दोन साध्या कागदी सोयींवर जगातल्या सर्वांत मोठ्या तयार कपड्यांच्या उद्योगांपैकी एक उभा राहिला. आज त्या देशाच्या मालनिर्यातीतला ८० टक्क्यांहून अधिक भाग कपड्यांचा आहे, आणि लाखो बायकांच्या हाती पहिल्यांदा स्वतःचा पगार आला.

त्याच उद्योगात २४ एप्रिल २०१३ रोजी साभारची राणा प्लाझा इमारत कोसळून १,१०० हून अधिक कामगार मेले. इमारतीला तडे गेल्याचे आदल्या दिवशीच दिसले होते. तरी ऑर्डर वेळेत जायला हवी म्हणून लोकांना आत पाठवले गेले. मी हे मुद्दाम लिहितो आहे. शिपमेंटची शेवटची तारीख एलसीवर छापलेली असते, आणि ती चुकली तर बँक कागद नाकारू शकते. त्या तारखेचे ओझे शेवटी कोणाच्या अंगावर पडते, याचा विचार बँकेत बसून कागद तपासणाऱ्यांनीही करायला हवा. त्या दुर्घटनेनंतर इमारतींच्या तपासणीचे बंधनकारक करार झाले, कारखाने सुधारले. हे दुर्घटनेआधीही करता आले असते. व्यापाराने मिळणारी मजुरी आणि कामगाराचा जीव यांत निवड करावी लागणे, हा विकासाचा अटळ टप्पा आहे असे मला कोणी पटवू शकलेले नाही.

निर्यातीचा आकडा फसवा का असतो, तेही सांगायला हवे. २००९ मध्ये चीनमधून निर्यात झालेल्या आयफोनचा कारखान्यातला खर्च सुमारे १७९ डॉलर होता. सीमाशुल्काच्या कागदावर तो सगळा चीनची निर्यात म्हणून नोंदला जाई. प्रत्यक्षात जुळणीपोटी चीनमध्ये राहणारी रक्कम होती साडेसहा डॉलर. बाकी पैसे जपान, कोरिया, जर्मनी, अमेरिका इथल्या सुटे भाग बनवणाऱ्यांना जात. पुढे चीनने हे चित्र बदलले, सुटे भाग तिथेच बनू लागले, आणि खरी प्रगती त्या बदलात आहे. व्हिएतनामपुढे आज हाच प्रश्न आहे. १९८६ च्या दोई मोई या बाजार खुला करणाऱ्या सुधारणांपासून आणि विशेषतः २००७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेल्यापासून त्याची निर्यात झपाट्याने वाढली, पण तिच्यातला सुमारे ७० टक्के वाटा परदेशी मालकीच्या कंपन्यांचा आहे. देशी कारखाने त्या साखळीत शिरतात की नाहीत, यावर पुढचे अवलंबून आहे. कोस्टा रिकाचा अनुभव इथे आशादायक वाटतो. इंटेलने १९९० च्या दशकात तिथे चिप जुळणीचा कारखाना काढला आणि २०१४ मध्ये ते काम हलवले. देश कोलमडला नाही. मधल्या काळात तयार झालेले तंत्रज्ञ, सुधारलेले तांत्रिक शिक्षण आणि पुरवठादार होतेच. वैद्यकीय उपकरणे ही आज त्या देशाची सर्वांत मोठी निर्यात आहे.

खनिजावर जगणाऱ्या देशांची गोष्ट निराळी. अर्थशास्त्रज्ञ राऊल प्रेबिश यांनी १९५० च्या सुमारास मांडले की कच्च्या मालाच्या किमती दीर्घकाळात पक्क्या मालाच्या तुलनेत घसरतात. हे सगळ्या काळांना आणि सगळ्या मालाला लागू पडत नाही. माझ्या मते जास्त मारक ठरतात ते किमतींचे झोके. भाव चढला की सरकार खर्चाला हात घालते, भाव पडला की अर्धवट धरणे आणि थकलेले पगार मागे राहतात. शिवाय खनिजाचे डॉलर आले की देशाचे चलन महागते, आणि बाकीच्या उद्योगांना निर्यात परवडेनाशी होते. नेदरलँड्समध्ये १९५९ मध्ये नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडल्यावर हेच झाले. चिलीने यावर उपाय केला. तांब्याच्या दीर्घकालीन भावाच्या अंदाजावर सरकारी खर्च बांधायचा आणि वरची कमाई निधीत टाकायची, असा नियम त्याने २००१ पासून पाळला, आणि २००९ च्या मंदीत ती शिल्लक कामी आली. बोट्स्वाना १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या अतिगरीब देशांत होता. पुढच्याच वर्षी हिरे सापडले. सरकारने खाणीत निम्मी भागीदारी घेतली, पैसा शाळा आणि रस्त्यांवर घातला, आणि २०१३ मध्ये हिऱ्यांची प्रतवारी आणि विक्रीचे काम लंडनहून आपल्या राजधानीत आणवले. तरी एका मालावरचे अवलंबन सुटले नाही. प्रयोगशाळेत बनणाऱ्या हिऱ्यांमुळे बाजार पडला, तेव्हा त्याची झळ त्यालाही बसली.

बंदरे आणि कागदपत्रे हा विषय लोकांना रुक्ष वाटतो. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यू जर्सीहून ह्यूस्टनला निघाले. सुटा माल चढवायला टनामागे सुमारे ५.८६ डॉलर लागत, कंटेनरमुळे तो खर्च १६ सेंटवर आला. कुठल्याही करारातल्या शुल्ककपातीने एवढा फरक पडला नसता. पण कंटेनर बंदरात आठवडाभर अडकला तर हा फायदा वाया जातो. कर्जावरचे व्याज चालू, डेमरेज म्हणजे उशिराचे भाडे चालू, आणि एलसीची मुदत संपत आलेली. मोठी कंपनी हे सोसते. लहान निर्यातदार एका अडकलेल्या कंटेनरनंतर धंदा सोडतो, आणि तो कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही. ज्यांना समुद्रच नाही अशा ३२ विकसनशील देशांना तर शेजाऱ्याच्या सीमेवरही हे सगळे पुन्हा सोसावे लागते. २०१७ मध्ये लागू झालेला व्यापार सुलभीकरण करार याचसाठी आहे. त्याची फारशी चर्चा होत नाही, पण गरीब देशांना त्याचा उपयोग अनेक गाजलेल्या करारांहून जास्त आहे.

व्यापारात हरणारेही असतात, आणि त्यांची नुकसानी सरासरीत बुडवून टाकणे मला अन्यायाचे वाटते. चिनी मालाच्या स्पर्धेमुळे १९९९ ते २०११ या काळात अमेरिकेत २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्याचा अर्थतज्ज्ञांचा अंदाज आहे. स्वस्त मालाचा फायदा देशभर थोडाथोडा वाटला गेला. नुकसान मात्र फर्निचर आणि कापडाच्या मोजक्या गावांवर एकवटले. गिरणी गेली की गावातल्या पन्नाशीच्या कामगाराला दुसरीकडे जा म्हणणे सोपे असते. त्यांच्यासाठी १९६२ पासून साहाय्य योजना होती, ती कायम अपुरी राहिली आणि २०२२ मध्ये तिची मुदतही संपली. आज तिथे व्यापाराविरुद्ध जो राग आहे, त्यातला मोठा भाग या दुर्लक्षातून आलेला आहे.

यावरून शेवटच्या प्रश्नाकडे वळतो. १९३० मध्ये अमेरिकेने शुल्क वाढवले, इतरांनी उत्तर दिले, आणि १९२९ नंतरच्या काही वर्षांत जागतिक व्यापाराचे मूल्य सुमारे दोन तृतीयांशाने घटले. त्यातला मोठा वाटा मंदीचा आणि कोसळलेल्या भावांचा होता, पण शुल्कांनी सावरणे कठीण केले. त्या अनुभवातून १९४७ मध्ये २३ देशांनी शुल्के उतरवण्यासाठी गॅट करार केला आणि १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना आली. देशांमधल्या व्यापारी तंट्यांचा अंतिम निवाडा करणारे तिचे अपिलीय मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे. मोठे देश आपापसांत सौदा करून घेतील. लहान देशाला मात्र नियमाखेरीज दुसरे हत्यार नसते, म्हणून मला ही गोष्ट शुल्कवाढीहून गंभीर वाटते.

तरी रस्ता बंद झालेला नाही, अरुंद झाला आहे. एकाच मोठ्या ग्राहकावर विसंबून कोरियासारखी घोडदौड आता अवघड आहे. शेजाऱ्यांशी व्यापाराला मात्र अजून पुष्कळ वाव आहे. आफ्रिकेतल्या देशांचा आपापसांतला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या साधारण १५ टक्केच आहे, आणि जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या खंडव्यापी मुक्त व्यापार करारात तो वाढवण्याची संधी आहे. शुल्क कमी होणे हा त्यातला सोपा भाग. ट्रक सीमेवर किती तास उभा राहतो, माल कुठे बनला याचा, म्हणजे उत्पत्तीचा दाखला लहान कारखान्याला सहज मिळतो का, शेजारच्या देशाच्या चलनात पैसे वेळेत पोचतात का, आणि ऑर्डर हातात असलेल्या नव्या माणसाला बँक तारणाशिवाय उभे करते का, यावर तो करार चालेल किंवा कागदावर राहील. यांतल्या एकाही गोष्टीसाठी कोणत्याही देशाला वॉशिंग्टन, ब्रुसेल्स किंवा बीजिंगची परवानगी लागत नाही.